फिट येत नाही, मग फिटची गोळी कशाला?

चिठ्ठी लिहून दिली की तासाभरात रुग्णाचा भाऊ नाहीतर बाप पुन्हा दारात उभा. हातात औषधाची पिशवी, तोंडावर संशय. "डाक्टरसाब, आमच्या पोराला आजवर कधी फिट आली नाही. मेडिकलवाला म्हणला ही फिटची गोळी हाय. तुम्ही कामून द्यायलेत?"

परत येऊन विचारतात त्यांचं मला कौतुकच वाटतं. काळजी वाटते ती न विचारता कंधारची एस.टी. धरणाऱ्यांची. ते पिशवी घरी नेऊन फळीवर टाकतात. 'पोराला फिट येते' असं पाव्हण्यारावळ्यांत पसरलं तर सोयरीक मोडेल, या धाकाने गोळी सुरूच होत नाही.

तर एकदाचं सांगून टाकतो. लॅमोट्रिजीन, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन ही औषधं फिटवर चालतात, आणि बायपोलर आजारातल्या मनाच्या टोकाच्या चढउतारांवरही चालतात. ॲस्पिरिन ताप-अंगदुखीचं औषध म्हणून आलं. आज हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला ते रोज देतात. त्याला कुणी 'डोकेदुखीची गोळी कशाला' म्हणत नाही. व्हॅल्प्रोएटचंच एक रूप फ्रान्समध्ये १९६० च्या दशकातच उन्मादाच्या, म्हणजे मन टोकाचं चढलेल्या, रुग्णांना देऊन पाहिलं होतं. लॅमोट्रिजीनला अमेरिकेत बायपोलरसाठी २००३ साली परवानगी मिळाली. यांचा सगळ्यात जुना भाऊ लिथियम. जॉन केड या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरने १९४९ साली त्याचा उन्मादावरचा गुण जगापुढे मांडला. लिथियम तर फिटच्या औषधांत मोडतही नाही. औषधाच्या दुकानात पाकीट कुठल्या खणात ठेवतात, यावरून तुमचा आजार ठरत नाही.

मग या आजारातल्या उदासीला सरळ उदासीचीच गोळी का देत नाही? हा प्रश्न रास्त आहे. बायपोलरची उदासी आणि साधी उदासी समोर बसल्यावर सारखीच दिसते. फरक कळतो तो मागचं विचारल्यावर. आणि नेमकं तेच घरचे सांगत नाहीत, कारण त्यांना तो आजार वाटतच नाही.

कंधार तालुक्यातल्या एका तिशीतल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ऐन पेरणीत त्याला धरून आणला होता. मान खाली, आवाज ऐकू येईना. त्याची नखं स्वच्छ होती. जूनमध्ये, शेतकऱ्याची. महिनाभर त्याने मातीला हात लावला नव्हता. त्याआधी दुसरीकडून उदासीच्या गोळ्या झाल्या होत्या. थोडं बरं वाटलं, आणि मग हा रात्री दोनला उठून विहिरीतला गाळ काढायला लागला, चिडून बैलांना मारायला लागला, पुन्हा आडवा झाला. मी आईला विचारलं, याआधी कधी असा जोरात होता का? ती म्हणाली, "दिवाळीला लई चांगला होता बघा. दोन-तीन तास झोपायचा, तरी थकत नव्हता. सोयाबीनच्या पैशात बुलेट उचलली, मेव्हण्याला बी एक घेऊन देतो म्हणला."

लई चांगला! तोच आजाराचा दुसरा अर्धा भाग. झोप दोन तास आणि उत्साह दुप्पट, उधारीवर खरेदी, न थांबणारी बडबड, मोठमोठे बेत, असे सलग काही दिवस गेले असतील तर ते आम्हाला सांगा. अशा माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर तो खड्ड्यातून निघून थेट झाडावर चढू शकतो. म्हणून आधी मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मन समतोल ठेवणारं औषध. बायपोलरच्या उदासीवर आम्ही मुख्यतः लॅमोट्रिजीन, लिथियम किंवा क्वेटियापिन वापरतो. कुणाला कोणतं ते वय, वजन, किडनी, थायरॉइड बघून ठरतं. हे वाचून कुणी आपली चालू गोळी आज रात्री बंद करू नका. डॉक्टरांना मागचा इतिहास सांगा, बदल ते करतील.

त्या शेतकऱ्याला लॅमोट्रिजीन सुरू केलं. हे औषध सावकाशीचं आहे. पंचवीस मिलिग्रॅमची गोळी दोन आठवडे, पन्नासची दोन आठवडे, मग शंभर, मग दोनशे. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्या निम्म्याने. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून येणाऱ्यांवर मी चिडतो ते यासाठी. अजून औषध पुरतं पोटात गेलेलं नसतं, आणि तुम्ही निकाल मागता! पोळ्यापर्यंत तो शेतात जायला लागला. मग धाकट्या भावाच्या सोयरिकीच्या वेळी कुणीतरी पाकिटावरचं नाव मोबाइलवर शोधलं. 'फिट' दिसलं. गोळी बंद. उदासी परत आली तेव्हा घाबरून शेवटची दोनशेची गोळीच पुन्हा सुरू केली. काही दिवसांत अंगावर पुरळ, ताप, ओठांच्या आत फोड. घरच्यांना वाटलं देवी आली. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरला. नशीब की एका आशाताईने ओठ पाहून गाडीत बसवलं. कातडी सोलण्यापर्यंत गेलं नाही.

लॅमोट्रिजीनने साधं पुरळ दहातल्या एखाद्याला येतं, जिवावर बेतणारं मात्र हजारात एखाद्याला, तेही बहुतेक पहिल्या आठ आठवड्यांत. डोस घाईने वाढवला की धोका वाढतो. म्हणून चार-पाच दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुन्या डोसवर उडी मारायची नाही. फोन करायचा, पुन्हा पंचवीसपासून सुरुवात होईल. उन्हाळ्यात आपल्याकडे घामोळ्या कुणाला नसतात? पण घामोळ्यांनी ताप येत नाही, तोंड येत नाही, डोळे लाल होत नाहीत, कातडीवर फोड उठत नाहीत. यातलं काही दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकी कुठलंही पुरळ आलं तरी पुढची गोळी घ्यायच्या आधी दाखवा.

लिथियम घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ हवी, १.५ च्या पुढे विषबाधा. मधली जागा थोडी आहे, म्हणून रक्त तपासणी, आणि तीही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी घेऊन रक्त द्यायला आलात तर सगळा खर्च वाया. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, माणूस घामाने निथळतो, किंवा जुलाब-उलट्या होतात, किंवा कुणी निर्जळी उपास धरतो, अंगातलं पाणी-मीठ कमी होतं आणि लिथियम चढतं. रोजे असोत की नवरात्र, आधी विचारा. डोस आणि वेळ कसे जमवायचे ते बघता येतं. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं, सारख्या उलट्या-जुलाब, गुंगी: गोळी थांबवून तडक रुग्णालय.

आणि ती गुडघ्यासाठी टोचून घेतलेली सुई! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी लिथियमची पातळी चढते. बीपीच्या एनालाप्रिल, टेल्मिसार्टान, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही. गावात बॅग घेऊन फिरणारा 'डॉक्टर' कमरेत सुई टोचताना तुम्ही कोणत्या गोळ्या घेता हे कधी विचारतो का? तुम्ही सांगा. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं.

मुलींच्या आयांनी इकडे लक्ष द्या. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतलं तर साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग असू शकतं आणि पुष्कळ मुलांची बुद्धीची वाढ मागे पडते. लग्न ठरलं की डॉक्टरांना सांगा, औषध वेळेवर बदलता येतं. 'दिवस गेल्यावर सांगू' हे चालणार नाही. उपकेंद्रातून मिळणारी माला-एनची गोळी लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर आणते. नर्सताईंना आणि आम्हाला, दोघांनाही कळू द्या.

'सात दिवसांत डिप्रेशन मुळापासून' असले व्हिडिओ पाठवणाऱ्या भाचे-पुतण्यांशी वाद घालत बसू नका, नंबर म्यूट करा. देवाला, दर्ग्याला जरूर जा, गोळी खिशात ठेवून जा. भूत उतरवायला साखळीने बांधणं, मारणं हा मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण लिथियम एकदम सोडलं तर आजार जोराने उलटतो, म्हणून सोडायचं तेव्हाही हळूहळू आणि विचारून.

सगळ्यात घातक वेळ नुसत्या उदासीची नसते. मन बुडालेलं पण अंगात चैन नाही, झोप उडालेली, येरझारा, चिडचिड, 'माझ्यामागं पोरांना सांभाळा' असली बोलणी, हे एकत्र दिसलं की त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे; अहमदपूरकडच्यांना लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं.

येताना जुन्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटंही आणा. नुसतं 'पांढरी गोल गोळी' सांगून कळत नाही. सोबत रात्री रुग्णाच्या शेजारी झोपणारं माणूस हवं, कारण झोप किती झाली हे रुग्ण बरोबर सांगत नाही. आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी निघा. काढणीच्या धांदलीत 'पुढच्या सोमवारी जाऊ' करता करता तीन सोमवार जातात.