आधी कंबर सांभाळा, मग वेग

पऱ्हाटी उपटली की हिंगणघाट-देवळीकडच्या मोकळ्या वावरांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. मी तिथेच फास्ट बॉलर झालो. पुढे एका प्रशिक्षकांनी हातात थेट लेदर बॉल दिला आणि ‘अजून जोरात’ एवढंच शिकवलं. डाव्या कमरेत कळ यायला लागली, तर ‘सवय होईल’ म्हणाले. एमआरआय केला तेव्हा मणक्याला बारीक फ्रॅक्चर निघालं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो.

कारण सरळ आहे. साधा टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास, लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅम. हलका बॉल नुसत्या हाताच्या झटक्यानं जातो. जड बॉलला तोच वेग द्यायला गेलं की कंबर पिळवटते. कंबर फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे आडवे, ही मिश्र अ‍ॅक्शन सगळ्यात घातकी. दोन्ही आडवे ठेवा किंवा दोन्ही समोर. मागचा पाय टेकतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवून पाहिला की आपलं आपल्याला कळतं. तेरा वर्षांखालच्या पोरांसाठी नियमातच 133 ते 144 ग्रॅमचा बॉल सांगितलाय, तोच द्या.

उमेश यादवही टेनिस बॉलवरूनच आला, असं आपल्याकडे प्रत्येक पोराला ऐकवतात. खरंय. पण लेदर बॉल त्याच्या हाती आला तो विशीच्या सुमारास, अंग भरल्यावर. हे मात्र कोणी सांगत नाही!

पैसे खर्चायचेच तर बॅटवर नको, बुटांवर खर्चा. बॉल सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच पट, कधी त्याहून जास्त भार येतो. मऊ टाचेचे पळायचे बूट तिथे घोटा मुरगळतात. गवताच्या विकेटवर खिळे, मॅटवर रबरी स्टड. बोटांपुढे थोडी जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. आणि आपली काळी माती उन्हात भेगाळते. पाय पडतो ती जागा सामन्याआधी माती दाबून भरून घ्या.

रनअप मनाने ठरवू नका. क्रीजवरून उलट दिशेने पळा, लय लागेल तिथे बॉल टाका, मित्राला पाय पडल्याची खूण करायला सांगा. तेवढं अंतर पावलांनी मोजून ठेवा. निम्मे नो-बॉल इथेच थांबतात.

पकड सोपी: पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, तळवा आणि बॉल यांच्यात फट. सोडताना मनगट बॉलच्या मागे. एवढ्यावर काय होतं ते रजनीश गुरबानीने दाखवलं. 2017-18च्या रणजी फायनलमध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. त्याचा वेग काही भीतिदायक नव्हता. टप्पा आणि सरळ शिवण होती.

कमरेत एकाच बाजूला दुखणं आठवडाभर राहिलं, तर कोणीही काहीही म्हणो, बॉल खाली ठेवा. सेवाग्राम किंवा सावंगीला हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि आपण फास्ट बॉलर आहोत हे आवर्जून सांगा. हे फ्रॅक्चर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही.