फुग्याला बांधलेला कॅमेरा : नागरिकांनी घडविलेले भू-दर्शन

उंचावरून भूमीचे छायाचित्र घेण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील छायाचित्रकार नादार यांनी १८५८ साली दोरीने बांधलेल्या फुग्यातून पॅरिसनजीकच्या प्रदेशाचे छायाचित्र घेतले. पुढे हे काम विमाने व उपग्रह यांच्याकडे, म्हणजेच प्रामुख्याने शासन व मोठ्या संस्थांकडे गेले. ते सामान्य नागरिकांच्याही हाती कसे येऊ शकते, हे अमेरिकेतील एका दुर्घटनेने दाखवून दिले.

लुइझियानाचा अनुभव

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. समुद्रतळातून ८७ दिवस तेल वाहत राहिले. तेल कोठवर पोहोचले, कोणत्या दलदली बाधित झाल्या, याचा स्वतंत्र पुरावा किनाऱ्यावरील रहिवाशांपाशी नव्हता. विमानोड्डाणांवरही निर्बंध होते. तेव्हा स्वयंसेवकांनी नौकांतून व किनाऱ्यावरून फुगे आणि पतंग सोडून हजारो छायाचित्रे घेतली व त्यांचे नकाशे सर्वांस खुले केले. याच कार्यातून ‘पब्लिक लॅब’ ही संस्था उभी राहिली.

साधने व कृती

एक घनमीटर हेलियम सुमारे १ किलोग्रॅम भार उचलतो. दीड मीटर व्यासाच्या फुग्यात सुमारे पावणेदोन घनमीटर वायू मावतो. म्हणून फुगा, दोरी व कॅमेरा यांचे एकत्रित वजन पावणेदोन किलोग्रॅमपेक्षा बरेच कमी असावे लागते. व्यास निम्मा केल्यास उचलशक्ती एक-अष्टमांशच उरते, हे ध्यानात ठेवावे. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने तो वापरू नये.

दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तीत कॅमेरा भिंग खाली करून बसवितात. सतत छायाचित्रे घेण्याची सोय चालू करून कळ रबराने दाबून ठेवतात. दोरी पिळली जाऊ नये म्हणून फिरती कडी लावतात. दोरी हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत.

छायाचित्रावरून नकाशा

१०० मीटर उंचीवरून छायाचित्रात १०० मीटर रुंदीची जमीन मावली आणि त्या रुंदीत ४,००० बिंदू असले, तर प्रत्येक बिंदू जमिनीवरील अडीच सेंटिमीटर दर्शवितो. प्रमाण निश्चित करण्यासाठी मोजून ठरविलेल्या अंतरावर चुन्याच्या फुल्या काढाव्यात. लगतच्या छायाचित्रांत निम्म्याहून अधिक भाग समान असला, तर ती जोडणे सुकर होते.

मर्यादा व दक्षता

जोराच्या वाऱ्यात फुगा आडवा ओढला जातो. तेथे पतंग अधिक उपयुक्त ठरतो. वीजवाहिन्यांजवळ व वादळी हवेत प्रयोग कटाक्षाने टाळावा. विमानतळ अथवा संरक्षण क्षेत्राच्या आसपास उड्डाण करू नये. अन्यत्रही सक्षम अधिकाऱ्यांची अनुज्ञा आधी घ्यावी. लोकांच्या खाजगी जीवनाचाही मान राखावा.

आपल्याकडे २०२० साली सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांचे मोजमाप ड्रोनद्वारे करण्याची पद्धत स्वीकारली गेली. फुग्यावरील छायाचित्र अशा अधिकृत मोजणीची जागा घेऊ शकत नाही. तथापि तलावात साचणारा गाळ, ओढ्याचे बदलते पात्र किंवा कचऱ्याचे वाढते ढीग यांची वेळोवेळी नोंद ठेवण्यास ते पुरेसे आहे. शाळांनी त्यातून गणित व भूगोल शिकवावा. प्रत्येक छायाचित्रावर दिनांक, स्थळ व उंची लिहून ठेवली, तर ग्रामसभेत ते चर्चेचा भक्कम आधार ठरू शकेल.