नेस्मिथ गुरुजी आणि त्यांचे शिष्य

सन १८९१ चा डिसेंबर महिना. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या एका शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी हिवाळ्याला अगदी कंटाळून गेले होते. थंडीमुळे मैदानावरील खेळ बंद पडले होते, आणि व्यायामशाळेतील तीच ती कवायत कोणालाच नको होती. तेव्हा जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या मिळवून त्या सज्जाच्या कठड्याला समोरासमोर लावविल्या व खेळाचे तेरा नियम लिहून काढले. टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की तो शिडीवर चढून काढावा लागे! बास्केटबॉलचा जन्म झाला तो असा.

पुढे १८९८ साली नेस्मिथ लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात व्यायामशिक्षक म्हणून आले आणि तेथे त्यांनी या खेळाचा संघ उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी संघाचा पहिला सामना झाला. त्यात प्रतिपक्षाने १६ गुण मिळविले, नेस्मिथांच्या संघाने अवघे ५! १९०७ पर्यंत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांहून पराजय अधिक असलेले नेस्मिथ हे एकटेच. आणि खेळ निर्माण केला तो त्यांनीच!

त्यांचा शिष्य फॉग ॲलन याला प्रशिक्षक व्हावयाचे होते. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे गुरुजींनी त्याला सांगितले. शिष्याने ते मानले नाही, हे बरेच झाले. मध्यंतरीचा खंड वगळता ॲलन १९५६ पर्यंत कॅन्ससचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघांनी तेथे ५९० सामने जिंकले आणि १९५२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

परंतु या कीर्तिमान संघाचे दार सर्वांना उघडे नव्हते. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी शारीरिक शिक्षण घेण्यासाठी विद्यापीठात आला. केवळ वर्णामुळे त्याला संघात स्थान मिळू शकत नव्हते. पोहण्याच्या तलावात तो उतरला, तेव्हा तलावातील सारे पाणी काढून टाकण्यात आले! तरीही तो मागे हटला नाही. वृद्ध नेस्मिथांनी त्याला आपला शिष्य मानले व खेळाचे मर्म समजावून दिले. १९३६ साली तो पदवीधर झाला.

मॅक्लेंडन पुढे डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. चेंडू हाती येताच वाऱ्याच्या वेगाने चढाई करावयाची, ही त्यांच्या संघाची रीत. त्या प्रांतात दोन वर्णांच्या खेळाडूंनी एकत्र खेळणे निषिद्ध होते. तरीही १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, शेजारच्या ड्यूक विद्यापीठातील श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांचा संघ गुपचूप तेथे आला. दारे लावून घेण्यात आली. प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. मॅक्लेंडन यांच्या संघाने ८८ विरुद्ध ४४ गुणांनी विजय मिळविला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू एकमेकांत मिसळले, आणि नव्याने बाजू पाडून त्यांनी आणखी एक सामना खेळला.

कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५० नंतरच. त्याचे नाव लाव्हॅन्स स्क्वायर्स. १९५२ च्या विजेत्या संघात तोही होता.