मुंबईत तालीम कुणाबरोबर करणार?

अभिनयासाठी मुंबईला निघालेल्या मुलामुलींना भाड्याबद्दल, फसवणुकीबद्दल सावध करणारे पुष्कळ भेटतात. मला तिथे सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच होतं. माझा सराव तुटला.

नाशकात राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की नोकरी आटोपून रोज संध्याकाळी तालमीला जायचं. प. सा. नाट्यगृहात प्रयोग एकच व्हायचा. पण त्यासाठी आवाज, श्वास, समोरच्याचं ऐकणं, सगळं महिनोन्महिने घासलं जायचं. मुंबईत मी दिवसभर अभिनयाच्या मागे पळत होते आणि प्रत्यक्ष अभिनय जेमतेम मिनिटभर करत होते.

अंधेरीच्या आरामनगरात दारोदार कास्टिंगची ऑफिसं आहेत. दार उघडणारा मुलगा वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, ‘फिट नहीं हो’. फिट असाल तर झेरॉक्सचं अर्धं पान हातात पडतं. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, मग ते चार संवाद. निवड झाली नाही तर फोन येत नाही, बस. तो नकार बहुतेक वेळा वयाला, उंचीला, चेहऱ्याला असतो. पण रोज तोच ऐकून माणूस आतून खचतो, आणि खचलेल्या माणसाला सावरणारी तालीम तिथे नसते. पुढे एका ग्रुपमध्ये नाटकाचं वाचन करायला बसले, तर पूर्वी सहज पेलणारं लांब स्वगत मधेच तुटायला लागलं. त्या रात्री मला खरी भीती वाटली.

म्हणून नाशिक सोडण्याची घाई करू नका. बऱ्याच ऑडिशनसाठी पहिला व्हिडिओ घरूनच पाठवता येतो. प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरा, तिथून अंधेरी गाठा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत या. रीतसर शिकायचं असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. तिथली वर्षं वाया जात नाहीत, रोज रंगमंचावर उभं राहायला मिळतं.

जायचंच ठरलं तर आधी काम कोणतं हवं ते ठरवा आणि मग खोली बघा. सगळे अंधेरीकडे धावतात; पण मराठी मालिकांची बरीच चित्रीकरणं ठाण्यात घोडबंदर रोडला होतात, काही तर साताऱ्या-कोल्हापुराकडे. नाटक करायचं असेल तर दादर जवळ हवं. आणि जायचं नाही असं ठरलं, तरी कमीपणा वाटू देऊ नका. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि पुढचे चित्रपट करायला ते नाशकात आले. तेव्हा नाशकात राहणं म्हणजे मागे पडणं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

पैशांचं गणित मात्र कडक ठेवा. खोलीला डिपॉझिट, दलाली आणि पहिलं भाडं एकदम मोजावं लागतं. मालिकेत काम मिळालं तरी त्याचे पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, त्यातून काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन कापलं जातं. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा आणि दिवसा मोकळं ठेवणारी एखादी नोकरी हवी, कारण ऑडिशन दिवसाच असतात.

ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर उठून या. मला एका ऑफिसात भूमिका पक्की झाल्याचं सांगून लगेच रजिस्ट्रेशनची रक्कम मागितली. मी निघाले. बाहेर बसलेल्या नगरच्या मुलीने भरली. काही दिवसांनी ती गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. मुलींनो, पत्ता फ्लॅटचा असेल किंवा वेळ रात्रीची असेल तर एकट्या जाऊ नका, आणि जाल तिथलं लोकेशन घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

सल्ला मागायला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, की तिथे तालीम कुणाबरोबर करणार? प्रायोगिक नाटकवाला एखादा ग्रुप, एकांकिका करणारे चार जण, निदान रविवारी मोठ्याने नाटक वाचायला बसणारे खोलीतले दोघं तरी हवेत. ती माणसं मिळेपर्यंत नाशकातली संध्याकाळची तालीम चालू ठेवा.