जुन्या पिकअपला नवा स्टिअरिंग कॉलम: एका कामातून शिका कोटेशन, जबाबदारी आणि 'नाही' म्हणणं



आजचा धडा गॅरेजवाल्यांसाठी आहे असं वाटेल, पण तुम्ही फॅब्रिकेशन करत असाल, फर्निचर बनवत असाल किंवा मशीन दुरुस्तीत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. "छोटंसं काम आहे हो, दोन तासांत होईल" असं म्हणणारं गिऱ्हाईक प्रत्येक धंद्यात येतं. त्या "छोट्याशा" कामात पैसा कुठे गळतो आणि जीव कुठे अडकतो, ते आज एका खऱ्या कामावरून बघू.

काम आहे अमेरिकेतलं. तिथे जुन्या पिकअप गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. शेवरोलेची १९६७ ते १९७२ या काळातली सी-१० ही त्यातली एक लाडकी गाडी. मालकाला गाडीचं रूप जुनंच हवं असतं, पण चालवताना आराम हवा असतो. मग तो म्हणतो, "वरखाली होणारं स्टिअरिंग बसवून द्या." म्हणजे नंतरच्या मॉडेलचा टिल्ट कॉलम काढायचा आणि या गाडीत घालायचा.

आधी कॉलम म्हणजे काय ते समजून घ्या

आपण हातात धरतो ते चाक. चाकाखालून डॅशबोर्डच्या आत जाणारी नळी आणि तिच्यातला शाफ्ट म्हणजे कॉलम. हा शाफ्ट खाली स्टिअरिंग बॉक्सला जोडलेला असतो. इंडिकेटरचा स्विच आणि हॉर्नची वायर कॉलमवरच असते. अमेरिकन गाड्यांत पुष्कळदा गिअरचा दांडाही तिथेच असतो.

कॉलमचं आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. समोरून धडक बसली की त्याने दबून आखूड व्हायचं असतं, नाहीतर तो भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसेल. जनरल मोटर्सने असा दबणारा कॉलम १९६७ च्या मॉडेलपासून आणला आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी त्याबद्दलचे नियमच लागू झाले. म्हणून ही वस्तू नुसता लोखंडी पाइप समजून कापायची किंवा वेल्ड करायची नाही.

"दोन तासांचं काम" प्रत्यक्षात किती पायऱ्यांचं?

१. मापं. जुना कॉलम काढण्याआधी त्याची लांबी, डॅशखालच्या ब्रॅकेटची जागा, इंजिनकडच्या पत्र्यातलं भोक आणि बॉक्सपर्यंतचं अंतर लिहून घ्यायचं. जुना कॉलम एकदा बाहेर काढून कोपऱ्यात ठेवला की ही मापं परत मिळत नाहीत.

२. खालचा जोड. काही शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, काहींचं टोक दोन बाजूंनी सपाट असतं. कॉलमचं टोक एका प्रकारचं आणि बॉक्सचं दुसऱ्या प्रकारचं निघालं, तर दोन्हीकडे बरोबर बसेल असाच जॉइंट घ्यावा लागतो. "थोडं घासून बसवतो" हे इथे चालत नाही.

३. कोन. शाफ्ट सरळ रेषेत येत नसेल तर युनिव्हर्सल जॉइंट लावतात. एका जॉइंटवर साधारण ३० अंशांपेक्षा जास्त कोन पडू द्यायचा नाही. तीन जॉइंट लागले तर मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट झोके खातो.

४. चावीचा प्रश्न. १९७२ पर्यंतच्या सी-१० मध्ये चावी डॅशबोर्डवर आहे. १९७३ पासून ती कॉलमवर आली आणि सोबत स्टिअरिंग लॉकही आलं. नवा कॉलम घातला आणि चावी मात्र डॅशवरच ठेवली, तर कॉलममधल्या लॉकचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. ते अर्धवट राहिलं आणि चालत्या गाडीत लॉक बसलं तर चाक वळणारच नाही. या पायरीवर घाई म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

५. वायरिंग. इंडिकेटरचा कनेक्टर वर्षानुसार बदलतो. रंग सारखा दिसला म्हणून वायर जोडायची नाही. प्रत्येक वायर टेस्टरने तपासून मगच जोडायची.

६. बसवणं. शाफ्ट आत जात नाही म्हणून हातोडा मारायचा नाही. दबणाऱ्या कॉलममध्ये प्लास्टिकच्या पिना असतात, ठोक्याने त्या तुटतात. कॉलम दिसायला चांगला राहतो, पण आतून खिळखिळा झालेला असतो.

७. तपासणी. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठे अडकतंय का, एक्झॉस्टला घासतंय का, इंडिकेटर आपोआप परततो का, सगळं बघायचं. मग मोकळ्या जागेत हळू चालवायची आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा.

आता पैशाचं गणित

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा गॅरेजचं भाडं, वीज, हेल्परचा पगार आणि हप्ते मिळून महिन्याला ६०,००० रुपये जातात. तुमचा स्वतःचा पगार ४०,००० धरा. तो धरायचाच! एकूण झाले १,००,०००. महिन्यात २५ दिवस काम, पण बिल लावता येईल असे तास दिवसाला ५ च निघतात. बाकी वेळ फोन, पार्ट आणणं आणि चहा यात जातो. म्हणजे १२५ तास. एका तासाचा तुमचा खर्च ८०० रुपये.

वरच्या सात पायऱ्यांना मिळून १२ तास लागले तर नुसतं लेबर ९,६०० रुपये होतं. काम परत उघडावं लागलं तर म्हणून १५ टक्के धरा, म्हणजे ११,०४० रुपये. पार्टचे पैसे वेगळे. आणि तुम्ही गिऱ्हाइकाच्या "दोन तासां"वर विश्वास ठेवून ४,००० सांगितले असतील, तर ९,६०० च्या कामात ५,६०० रुपये खिशातून गेले. असे दोन गिऱ्हाईक महिन्याला आले की पुढे काय होतं ते तुम्हीच बघा.

म्हणून अशा कामाचं कोटेशन दोन टप्प्यांत द्या. पहिला टप्पा तपासणी आणि मापं, त्याची ठरावीक फी. दुसरा टप्पा प्रत्यक्ष काम, तेही पार्ट हातात आल्यावर आणि अ‍ॅडव्हान्स मिळाल्यावर.

दुखणं तिथे धंदा

अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी हीच डोकेदुखी ओळखली. मिशिगन राज्यातल्या टेकमसे गावातली इडिडिट ही कंपनी जुन्या गाड्यांसाठी स्टिअरिंग कॉलम बनवण्यासाठीच ओळखली जाते. लांबी आणि ब्रॅकेट जुळलेला कॉलम मिळाला की गॅरेजवाल्याचे मापं जुळवण्याचे तास वाचतात आणि तो त्या वाचलेल्या तासांचे पैसे आनंदाने देतो. तुमच्या धंद्यातही बघा, सगळ्यांचा वेळ एकाच ठिकाणी कुठे अडकतो? तिथे एक प्रॉडक्ट लपलेलं असतं.

आपल्याकडे हे काम घ्यायचं का?

इथे नीट लक्ष द्या. अमेरिकेत चालतं म्हणून इथे चालेल असं नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ मंजूर रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ८ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न याच बदलावर येतो.

मग कुणी भंगारातून दुसऱ्या मॉडेलचा कॉलम घेऊन आलं आणि म्हणालं, "दादा, बसवून द्या, कुणाला कळतंय?" तर उत्तर असं द्या: "तुमच्याच मॉडेलचा कॉलम आणा किंवा मी मागवतो. जॉइंट आणि बुश नवीन टाकून स्टिअरिंग हलकं करून देतो. दुसऱ्या गाडीचा कॉलम मात्र मी बसवणार नाही." काही गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातील. जाऊ द्या. ज्याच्या पिकअपवर घर चालतं, तो माणूस असं सरळ बोलणारा मिस्त्री विसरत नाही.

आजचा गृहपाठ

१. तुमचा तासाचा खर्च काढा. स्वतःचा पगार धरूनच.

२. गेल्या महिन्यातलं एक "छोटंसं" काम घ्या आणि त्याच्या सगळ्या पायऱ्या वेळेसकट लिहा.

३. जी कामं तुम्ही कितीही पैसे मिळाले तरी करणार नाही, अशा तीन कामांची यादी करा आणि दुकानात दिसेल अशी लावा.

यादी लावली की "नाही" म्हणताना जीभ अडखळत नाही, आणि तुमच्या गैरहजेरीत हेल्परलाही काय बोलायचं ते कळतं. पुढच्या भागात जॉब कार्ड कसं बनवायचं ते बघू. भेटूया!