मिलिता बेटावरील 'बर्बर' लोक

प्रातःकाळच्या शास्त्रपाठात प्रेषितांच्या कृत्यांचा अठ्ठाविसावा अध्याय चालला असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बर्बर म्हणजे रानटीच ना?" आम्ही "होय" म्हणून पुढे गेलो. सायंकाळी कोश उघडून पाहिला, तेव्हा आपण मुलास चुकीचे शिकविले, असे आमच्या ध्यानी आले. त्याच्या एकट्यापाशी चूक कबूल करून भागण्यासारखे नव्हते, कारण ते उत्तर सर्व वर्गाने ऐकले होते. म्हणून हा पाठ येथे लिहून देत आहो.

प्रसंग बहुतेकांस ठाऊक आहे. सुमारे इ. स. ६० मध्ये पौल बंदिवान म्हणून कैसराच्या न्यायासनापुढे उभा राहण्यास रोमेकडे नेला जात होता. वाटेत तारू वादळात सापडले. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांस जमीन जवळ आल्याचा भास झाला आणि उजाडल्यावर तारू रुतून फुटले. तारवावर २७६ माणसे होती. कोणी पोहत, कोणी फळ्यांच्या आधाराने, सर्वजण किनाऱ्यास लागले. लूक हा वृत्तान्त 'आम्ही' अशा शब्दाने लिहितो; म्हणजे त्या भिजलेल्या मंडळीत तोही होता. वर पाऊस, अंगात हुडहुडी. तेव्हा बेटावरील लोक धावून आले, त्यांनी शेकोटी पेटविली आणि सर्वांस जवळ केले. यांत कैदी कोण व शिपाई कोण, हे त्यांनी आधी विचारल्याचे लूक सांगत नाही. पुढे काटक्यांतून निघालेला साप पौलाच्या हातास लटकला, तेव्हा लोक म्हणाले, हा कोणी खुनी असावा. आणि त्यास काही अपाय झाला नाही असे पाहून म्हणाले, हा देव आहे! घटकेत खुनी, घटकेत देव. असे निवाडे आपल्या गावच्या पारावरही नित्य होतात. बेटाचा मुख्य पुब्ल्य याने त्यांस तीन दिवस घरी ठेवून घेतले. त्याचा बाप ताप व आमांशाने आजारी होता, तो पौलाच्या प्रार्थनेने बरा झाला. तीन महिन्यांनी ही मंडळी निघाली, तेव्हा बेटकऱ्यांनी लागेल ते सामान तारवात भरून दिले.

याच लोकांस लूक बर्बर म्हणतो. ग्रीकांच्या कानास परक्याचे बोलणे 'बर् बर्' असे वाटे, म्हणून ज्यास ग्रीक येत नाही तो बर्बर. मूळ अर्थ एवढाच. रानटीपणाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. त्या बेटावर तेव्हा रोमी सत्ता होती, परंतु प्रजेची बोली फिनिशियन वळणाची होती. आता मौज पाहा. ग्रीकांनी आपली वर्णमाला घेतली ती फिनिशियन लोकांपासूनच. म्हणजे ज्या अक्षरांनी लूकने 'बर्बर' हा शब्द लिहिला, ती अक्षरे मूळची त्या 'बर्बरांच्याच' पूर्वजांची!

आमच्या भिगवणच्या बाजूस ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांची मुले शाळेत बसली की त्यांच्या एखाद्या शब्दास वर्गात हसू फुटते, आणि हसणारांत आमची भीमाकाठची मुले आघाडीवर असतात. ही गोष्ट पालकांनीही जाणावी, कारण हसणे पुष्कळदा घरूनच शिकून येते.

परंपरेने मिलिता म्हणजे आजचे माल्टा, असे मानतात. ते सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. मुख्य बेटाची लांबी अवघी २७ किलोमीटर. आपल्या इंदापूर तालुक्याहून ते पुष्कळ लहान. ज्यांच्या डोळ्यांसमोर उजनीचे पाणी पसरलेले असते, त्यांस नवल वाटेल, पण तेथे एकही बारमाही नदी नाही. तरीही तेथील प्रचंड शिळांची देवळे पाच हजार वर्षांहून जुनी, मिसरच्या पिरामिडांच्याही आधीची आहेत. १५६५ मध्ये तुर्कांचा मोठा वेढा या बेटाने परतविला व पुढल्या वर्षी व्हालेटा शहराचा पाया घातला. जुनी राजधानी म्दिना तटाच्या आत इतकी निवांत आहे की तिला 'मूक नगरी' म्हणतात.

तेथील आजची भाषा आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. ८७० मध्ये अरबांनी बेट जिंकले, त्या काळापासूनचे हे वळण. ती अरबीपासून निघाली, परंतु रोमन लिपीत लिहितात. लोक बहुतेक ख्रिस्ती; तरी देवास ते 'अल्ला' म्हणतात व उपवासकाळास 'रांदान', म्हणजे आपल्या परिचयाचा रमजान. पण आपलेच पाहा. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले क्रिस्तपुराण मराठीत रचिले, तेव्हा स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यास त्यांस संकोच वाटला नाही.

पौलानंतर अठरा शतकांनी आपल्याकडील मंडळीही तेथे अल्पकाळ राहून आली. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तानच्या तंट्यात इंग्लंडचे प्रधान डिझरायली यांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून सुएझमार्गे माल्टास पाठविले. त्यांत मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या, आणि त्या सैन्यात दख्खन-कोकणातील मराठी शिपाई पुष्कळ असत. पार्लमेंटास न विचारता हे केले म्हणून तेथे मोठा वाद माजला. शिपायांस मात्र कोणी काही विचारले नव्हते. काही आठवडे मुक्काम करून जुलैत त्यांस सायप्रसला, म्हणजे शास्त्रातील कुप्र बेटास, हलविले. पहिल्या महायुद्धात माल्टात मरण पावलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक तेथील पिएटा स्मशानभूमीत आहे.

दुसऱ्या दिवशी हे सर्व वर्गात सांगितले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने हात वर केला. "सर, मग आपल्या शिपायांचे मराठी तिकडच्या लोकांस कसे ऐकू आले असेल?"

या खेपेस आम्ही उत्तर देण्याची घाई केली नाही.