तान्ह्या बाळाचे मुके दुखणे

मोठ्या माणसाला दुखले-खुपले तर तो सांगतो. दीड वर्षाचे मूलदेखील निदान दुखऱ्या जागी हात नेते. पहिल्या दोन महिन्यांच्या अर्भकाजवळ यांपैकी कोणतेच साधन नसते. म्हणून घरातील मंडळी रडण्यालाच आजाराची खूण समजतात. बाळ रात्री रडले की दृष्ट काढली जाते, पोटावर हिंग लावला जातो, शेजारच्या जाणत्या बाईंना हाक जाते. याउलट जे बाळ निपचित पडून राहते, दूध पिण्यासाठीही जागे होत नाही, त्याचे ‘गुणी’ म्हणून कौतुक होते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. जोराने रडणारे व जोराने चोखणारे बाळ सहसा ठीक असते. आधी चांगले पिणारे बाळ एकाएकी गप्प झाले तर धोका अधिक.

याचे कारण असे की, या वयात जंतुदोष रक्तात पसरला तरी शरीराची प्रतिकारशक्ती अपुरी असल्याने मोठ्यांसारखा सणसणीत ताप येईलच असे नाही. कित्येकदा अंग उलट थंड पडते. काखेत लावलेल्या तापमापकावर ९९.५ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक तापमान जितके चिंतेचे, तितकेच ९५.९ अंशांखाली गेलेले तापमानही चिंतेचे समजावे. तापमापक घरी नसेल तर पोट व तळपाय हाताने चाचपावेत. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला त्वरित आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवावे व वरून पांघरूण घ्यावे. पोटही गार लागले तर, असेच उबेत ठेवून, विलंब न लावता दवाखाना गाठावा.

दुसरी खूण श्वासाची. बाळ शांत असताना त्याचे पोट किती वेळा वर येते ते घड्याळ लावून मोजावे, आणि तेही पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो. मध्येच काही क्षण थांबतो व पुन्हा भराभर चालतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा हिशेब येथे फसवा ठरतो. ६० किंवा अधिक श्वास भरले तर पुन्हा एकदा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेच आले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जात असेल, तर न्यूमोनिया वा जंतुदोषाचा संशय धरावा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अल्पशिक्षित स्त्रियांसाठी मण्यांचे एक साधे साधन योजले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याच्या आत तांबडा मणी सरकला तर श्वास जलद आहे असे समजायचे. तेथील घरपोच नवजात-सेवेने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना शंभरापर्यंत मोजता येते अशा सुशिक्षित घरांनी श्वास न मोजण्याला सबब नाही!

काविळीबद्दल थोडा विवेक हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर दिसणे पुष्कळ बाळांत आढळते व पुरत्या दिवसांच्या बाळात ते दोन आठवड्यांत ओसरते. परंतु जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा आला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरून वेळ घालवू नये. वाढलेले पित्तद्रव्य मेंदूला इजा करते. बहिरेपणा व कायमचे अपंगत्व त्यातूनच येते. रुग्णालयातील निळ्या प्रकाशाचा उपचार वेळीच मिळाल्यास बहुतेक बाळांत हे टळते.

झटके येणे, बेंबीभोवती लाली पसरणे वा पू येणे, हिरवी उलटी होणे, यांत तर विचार करीत बसण्याचे कारणच नाही. उलटपक्षी उचकी, शिंका, पाजल्यानंतर थोडे दूध बाहेर येणे, अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून अनेकदा पातळ पिवळी शी होणे, यांसाठी धावपळ नको. काही बाळांची छाती किंचित सुजते. ती पिळण्याची चाल मात्र घातक आहे, गळू होते. मध, घुटी व पोटावर चटके यांविषयीही हेच म्हणावे लागेल. आईचे दूध पुरते की नाही याचा निर्णय रडण्यावरून करू नये. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा लघवी व वाढते वजन हाच खरा पुरावा.

बहुतेक राज्यांत आशा कार्यकर्ती बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येते. तिच्यासमोर बाळाचे कपडे काढून ते पूर्ण दाखवावे. ‘दुपट्यात छान झोपलंय’ असे म्हणून तिला उंबऱ्यावरून परतवू नये. दवाखान्यात निघताना बाळाला टोपी घालावी, छातीशी धरावे, ते पीत असेल तर वाटेतही पाजावे आणि जन्माच्या वेळचे कागद बरोबर घ्यावेत. वाहनासाठी १०८ क्रमांक लावावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार, औषधे व ने-आण विनामूल्य आहे.